राखून ठेवलेलं पान

“मुलांचं वाचन आता टॅबमधला एआयच ऐकेल, बाई. तुम्ही मधे पडायचं नाही,” हे शिक्षण खात्याच्या साहेबांचं जूनमधलं बजावणं शैलाबाईंच्या कानात अजून होतं. सोमवारचा उपास सोडायला वेळेत घर गाठावं, म्हणून शहापूरच्या स्टँडवर त्या आटगावच्या गाडीची वाट पाहत होत्या. तेवढ्यात खांबापलीकडे डोळखांबच्या गाडीसाठी लागलेल्या रांगेतून त्यांच्या वर्गातल्या भाविकाचा आवाज आला. ती आजीशी बोलत होती.

“आजी, टॅब हसत नाय गो.”

“त्याला काय दात हायेत? आधी अडायचीस, आता घडाघडा वाचतेस. त्याचाच गुण ना?”

“हो, पण गोष्टीतलं माकड पडलं की बाई पोट धरून हसायच्या. टॅब नुसता ‘शाबास’ म्हणतो. सगळ्यांनाच म्हणतो.”

“मग पुस्तक संपलं का नाय?”

“शेवटचं पान ठेवलंय. घरी येऊन ऐकीन, म्हणल्या होत्या बाई.”

“कवा?”

“उन्हाळ्यात.”

“येडे, आता भात कापून झाला! मोठी माणसं बोलतात नि इसरतात.”

“बाई नाय इसरायच्या. त्यांना टाइम नाय.”

आटगावची गाडी लागली. शैलाबाईंनी ती जाऊ दिली आणि डोळखांबच्या रांगेत त्या दोघींच्या मागे हळूच जाऊन उभ्या राहिल्या.