सोमवारी जुंपलेली मोटार

चतुराबाई : तुटणारच की, डॉक्टरसाब! मोटारीच्या पत्र्याला कासरा बांधला तुमी. वेशीपासून माज्या भट्टीवर आली, हेच लय झालं.

डॉक्टर : पत्रा नाही, तो बंपर आहे. म्हणजे होता.

चतुराबाई : आसंल. वाजवून बघा, पोकळ हाय. त्येच्या जिवावर अख्खी बैलगाडी वडायला निघाला, आन् गाडीत बसम्माआक्का.

बसम्मा : आक्का अजून जिती हाय. मांडीचं हाड मोडलंय, तोंड न्हाई मोडलं.

डॉक्टर : तुम्ही हट्ट सोडला असता तर ही वेळच आली नसती. तुमच्या दारात एवढी तगडी बैलजोडी उभी आहे.

बसम्मा : आज सोमवार हाय. बैल म्हंजे आमचा बसवण्णा, सोमवारी त्येच्या खांद्यावर जू ठेवत न्हाईत. सासऱ्यानं ठेवलं न्हाई, त्येंच्या बापानं ठेवलं न्हाई. आन् मी एका मांडीपायी बसवण्णाचा वार मोडू?

डॉक्टर : बसम्माबाई, काल तुम्ही घराच्या माळवदावरून पडलात. आज पाऊल गार पडत चाललंय. तीनची आगगाडी गंगाखेडला सापडली नाही, तर उद्या परभणीच्या दवाखान्यात तुमचा पाय कापावा लागेल. माझ्या एवढ्याशा मोटारीत तुम्हाला आडवं करता येत नाही. खाटेवर न्यायचं तर आठ कोस चालेपर्यंत माणसांना रात्र होईल.

बसम्मा : म्हणून तर मी म्हणले, गाडी मोटारीला जुंपा. मोटारीला कुठं सोमवार आलाय?

डॉक्टर : तुमचे यजमान रेवणप्पा तुमच्यापुढे हात टेकून घरात जाऊन बसले ते उगाच नाही. चतुराबाई, कासऱ्याऐवजी एखादी साखळी द्या. जाड.

चतुराबाई : साखळी वडंल. थांबवंल कोण? उतार लागला की गाडी पळत येऊन तुमच्या मोटारीत शिरंल. बैल अंग मागं रेटून गाडी थोपवतोय. तुमच्या मोटारीला ती अक्कल न्हाई. धुरीचं, म्हंजे गाडीच्या दांडीचं टोकच मोटारीला धरवाया पायजे. सरका, मी खाली जाते.

डॉक्टर : अहो, लुगडं तेलानं भरेल!

चतुराबाई : ऐरणीपाशी बसणारीचं लुगडं हाय हे. हातोडी द्या ती. ऐका आता... हितं पत्रा. हितंबी पत्रा. आन् हे? ऐकलं? हे मोटारीचं हाड. म्होरून मागंवर गेलंय, दोन्ही अंगाला.

डॉक्टर : चासीस म्हणतात त्याला. हैदराबादेत मोटार विकणाऱ्यानं मला नाव सांगितलं होतं, कुठं असतं ते दाखवलं नव्हतं.

चतुराबाई : आता बघा की वाकून. चाकाला लोखंडी धाव चढवायची पट्टी हाय घरात. दोन्ही हाडांना मिठी मारंल आशी वाकवते. मधी आकडा. धुरीला कडी.

डॉक्टर : लाल लोखंड मोटारीजवळ आणू नका हां! टाकीत पेट्रोल आहे. लढाईमुळे चिठ्ठीशिवाय थेंब मिळत नाही हल्ली, आणि आपण सगळेच वर जाऊ.

चतुराबाई : न्हाई आणत. सुतळीनं माप घेते, ऐरणीवर वाकवते, पाण्यात गार करून आणते.

डॉक्टर : आणि नाही बसलं तर?

चतुराबाई : पुन्हा वाकवीन. तुमी आक्काचा पाय बघा, मी लोखंड बघते.

(भाता फुसफुसतो, मग बराच वेळ घणाचे ठोके. सावल्या आखूड होत जातात.)

डॉक्टर : बसलं! बसम्माबाई, पहिल्या फटक्यात बसलं! फटीत नख जात नाही. सुतळीच्या मापावर! मी विलायती अवजारं लावून हाड बसवतो, तरी मला असं साधत नाही.

बसम्मा : मग तिलाच करू द्या की माजी मांडी.

डॉक्टर : पण चतुराबाई, ही कडी खुळखुळतेय. घट्ट करा.

चतुराबाई : खुळखुळायलाच पायजे. माजे मालक पूर्णेला रेल्वेत हायती. त्येंना भाकरी द्यायला गेले का मी डबे जोडताना बघत उभी राहायचे. डब्याला डबा सैल जोडतेत. कडी आवळली तर पयल्या खड्ड्यात धुरी मोडंल. वरून खीळ घालते, उडून निघू न्हाई म्हणून.

डॉक्टर : खुब्याचा सांधा असाच असतो. सगळीकडे फिरतो आणि सुटत नाही. मी त्यावर केवढाली पुस्तकं वाचली, आणि दोरीची गाठ मारून मोकळा झालो. लाज वाटते हो.

बसम्मा : आगं चतुरा, मी म्होरं घसरायलेय!

चतुराबाई : बैलाचा खांदा उंच असतोय, मोटारीचं हाड खाली. तेच्यानं गाडी वाकलीय. थांबा, कडब्याच्या पेंढ्या घालते खाली. आता?

बसम्मा : आता घरच्या बाजंवानी हाय.

डॉक्टर : त्यांना अगदी मागे घेऊ का? इंजिनाचा धूर लागणार नाही.

चतुराबाई : न्हाई न्हाई! मागं वजन गेलं की गाडी उलाळ हुती. धुरी वर उचलली तर तुमच्या मोटारीची मागली चाकं जमिनीला टेकायची न्हाईत. म्होरं वजन पायजे. मीच बसते धुरीपाशी.

बसम्मा : तू कशाला येतीस? भट्टी पेटती सोडून?

चतुराबाई : विझवलीय. माजं लोखंड हाय आक्का, वाटंत त्येच्याकडं बघाया कुणी तरी पायजे.

बसम्मा : चतुरा, तुला एक सांगते. तू घण मारायलीस का मी दारावरून जाताना तोंड फिरवायचे. बाईच्या जातीनं घण उचलू न्हाई, आसं चार जणीत बोललेबी. चुकलं माजं. लय चुकलं.

चतुराबाई : ऐकू यायचं आक्का. घणाच्या आवाजात समदं ऐकू येतंय. पांघरूण घ्या वर. डॉक्टरसाब, हाका. पण दुडक्या बैलाच्या चालीनं!

डॉक्टर : निघालो. बसम्माबाई, दुखलं की ओरडा. मी लगेच थांबवीन.

बसम्मा : शिवा, शिवा... हाका तुमी!

(पुढे मोटार, मागे गाडी; धुळीची वाट मागे पडत जाते.)

डॉक्टर : चतुराबाई! चार कोस झाले. आकडा कसाय?

चतुराबाई : हलला न्हाई.

डॉक्टर : आणि पाऊल? हात लावून बघा.

चतुराबाई : लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेतलंय. मघापरीस ऊब हाय.

डॉक्टर : मग बसम्माबाई गप्प का? दोन कोस झाले, एक शब्द नाही! चतुराबाई, अहो, बघा त्यांच्याकडे! थांबवू का मोटार?

चतुराबाई : थांबवू नका. भोंगाबी वाजवू नका. रातभर डोळ्याला डोळा न्हाई बाईच्या, आता घोरायल्यात.