बरगडीतलं दुखणं

गुडघ्याचा फोटो काढायला आलेल्या आजोबांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं होतं, पण ते उलटं होतं. कान शेजारच्या दोघी बहिणींकडे होते.

“ताई, रिपोर्ट उघड ना. बारा वर्षांनी माझा कॅन्सर परत आलाय का, ते कळू दे एकदाचं.”

“तूच उघड गं, माझ्याच्यानं नाही होत.”

“तीस वर्षं प्रयोगशाळेत बसून हाडांत झोपलेल्या कॅन्सरच्या पेशी शोधतेस, आणि कागदाला घाबरतेस?”

“ती उंदरांची हाडं. उंदरांनी लहानपणी माझी वेणी नव्हती ओढली.”

“त्या पेशी जाग्या का होतात, ते सापडलं का?”

“थोडं सापडलंय. आणखी दहा वर्षं मिळाली तर त्यांच्यासाठी अंगाई शोधते.”

“मिळतील. वाच आता.”

“कॅन्सरचा मागमूस नाही! बरगडीला बारीक चीर आहे, भरत आलेली... चीर? पडलीस कुठे?”

“पडदे लावताना, स्टुलावरून. तू ओरडशील म्हणून बोलले नाही.”

“स्टुलावर चढू नकोस म्हणून घसा कोरडा केला मी! अक्कल गहाण टाकलीस का?”

“ओरड ताई, आणखी ओरड. महिनाभर इतकं गोड बोलत होतीस, मला वाटलं, आपलं काही खरं नाही.”