दादाच्या खिडक्यांचा रंग

या मंडळी, पुढे सरका. मागच्या खांबाला टेकलेल्यांनो, तुम्हीसुद्धा या. खांब काही कोसळत नाही, तो देवळाचा आहे. आज गोष्ट हळू आवाजात सांगायची आहे. हसण्यासारखं तीत थोडंच आहे. पण ऐका, घरी घेऊन जाण्यासारखी गोष्ट देतो.

आधी एक प्रश्न. दोन भाऊ भांडले. बोलणं बंद. त्यातल्या एकाला वाटलं, आता भेटावं. तर भेटायच्या आधी कोण बरोबर, कोण चूक, हे ठरवायला लागतं का? बघा, कुणी मान हलवत नाही. तबलजींनी सुद्धा खाली बघितलं. असू दे. उत्तर गोष्टीतच आहे.

तर कोकणात एक गाव. गावाला मोबाइल माहीत नव्हता त्या काळची गोष्ट. रस्त्याला लागून शेट्यांचं कौलारू घर. पडवीला लाकडी खांब, कठडा, ओळीने खिडक्या, आणि सगळ्या लाकडाला एकच हिरवा रंग. आबा शेट्ये गेले तेव्हा मुलांना जवळ बोलावून म्हणाले, "घर दोन करा, माझी ना नाही. पण रस्त्यावरून जाणाऱ्याला एकच दिसू दे. लाकडाचा रंग बदलू नका."

थोरला जनार्दन, धाकटा मोरेश्वर. थोरल्याच्या वाट्याला पश्चिमेची बाजू आली, धाकट्याच्या वाट्याला फणसाखालची. आणि दोघांनी वडिलांचा शब्द पाळला बरं का. खाऱ्या हवेने रंग सुटला की ज्याच्या त्याच्या बाजूला ज्याने त्याने रंग लावायचा. कसा? तर खिडकीचा एक पोपडा नखाने उचकटायचा, कागदात गुंडाळायचा, तालुक्याला इस्माईलभाईंच्या दुकानात जायचं आणि म्हणायचं, "असाच द्या."

आता तुम्ही म्हणाल, बुवा, रंग काय, डबा उचलायचा आणि यायचं. नाही हो. डब्यातले रंग ठरलेले. जुन्या घराचा रंग डब्यात मिळत नाही, तो मिसळावा लागतो. कार्डावर नावं बघाल तर काय! शांत सरोवर म्हणे, श्रावणस्वप्न म्हणे. अहो, खिडकी रंगवायची आहे, बारसं नाही करायचं. इस्माईलभाई कार्ड बाजूला सारायचे. पोपडा उन्हात धरायचे, पांढऱ्यात हिरवा सोडायचे, हिरव्यात थेंबभर काळा, थेंबभर पिवळा, आणि जुळवायचे. जुळवलेल्याची किंमत जास्त. गडद असेल तर आणखी जास्त, कारण रंगाचा अर्क महाग. आणि एकदा मिसळलेला डबा परत नाही. घेणार कोण तो? दुसऱ्या कुणाच्या घराला तो लागणार नाही.

वर्षं गेली. आणि एका गणपतीला, आरतीला जमलेल्या लोकांसमोर मोरेश्वर सहज बोलल्यासारखं बोलला, "दादा, तुझ्या खिडक्या फिक्या पडल्या रे. फिका स्वस्त पडतो म्हणून का? आबांच्या शब्दात चुना कालवलास तू."

जनार्दनने निरांजन खाली ठेवलं. म्हणाला, "मी आबांचाच रंग लावतो. पोपडा देऊन जुळवून आणतो. काळा तू केलास."

"मीसुद्धा पोपडा देऊनच आणतो."

"मग तुझा इस्माईल आंधळा असेल."

"दादा, तुझा आणि माझा इस्माईल एकच आहे."

लोक हसले. मंडळी, लोक हसले हेच वाईट झालं. घरात झालेलं भांडण भाकरीबरोबर पोटात जातं. चारचौघांत हसू झालं की ते राहतं. पुढच्या वर्षी गणपती दोन झाले. मग तर एका विहिरीवर दोन रहाट. रस्त्यावरून जाणारा बघायचा — घराची एक बाजू वाळल्या गवतासारखी, दुसरी शेवाळासारखी. आणि दोघेही आपापल्या पडवीत बसून मनाशी म्हणायचे, वडिलांचा शब्द मी राखला.

रामकृष्णहरी, रामकृष्णहरी... म्हणा, म्हणा. पुढे सांगायला मलाच जड जातं.

जनार्दन आजारी पडला. इस्पितळातून घरी आणला. घरी न्या म्हणतात तेव्हा काय समजायचं ते तुम्हाला माहीत आहे. सकाळी त्याची बायको इंदू कधी नव्हे ती मोरेश्वरच्या पडवीला येऊन उभी राहिली.

"भावोजी, हे बोलावतायत."

मोरेश्वर उठला. पायात चपला सरकवल्या. आणि थांबला. म्हणाला, "येतो वहिनी. पण असा नाही येत. इतक्या वर्षांचा वाद आज मिटवूनच येतो. आबांचा रंग कोणता, ते हातात घेऊन येतो."

"रंगाचं काही नाही बोलले ते. 'मोरूला बोलाव', एवढंच म्हणाले."

"तुम्ही जा. मी आलोच."

मंडळी, दोन पडव्यांच्या मध्ये एक कठडा होता. पाय उचलून टाकला की पलीकडे. आणि हा तालुक्याच्या गाडीत जाऊन बसला. दुष्ट होता का? मुळीच नाही. त्याच्या खिशात कागद होता, कागदात जुन्यातला जुना, जाड पोपडा होता. त्याला वाटत होतं, आपण भावाकडेच निघालो आहोत.

दुकानात पोपडा टेबलावर ठेवून म्हणाला, "इस्माईलभाई, खरं सांग. फसवलं कुणी? दादाने की तू?"

इस्माईलभाईंनी चष्मा चढवला. पोपडा वरून बघितला, कडेने बघितला. मग उलटा केला. लाकडाकडची बाजू. तिच्यावरचं पांढरं अस्तर पात्याने हळूच खरवडलं. आणि आतून हिरवा निघाला, मंडळी. कोवळ्या केळीच्या पानासारखा. वाळल्या गवतासारखा नाही आणि शेवाळासारखाही नाही.

"मोरूशेट," इस्माईलभाई म्हणाले, "फसवलं कुणीच नाही. तुमच्या दादाची बाजू उन्हाची, तिथे रंग उडतो. तुमची बाजू सावलीची, ओलीची, तिथे काळवंडतो. तुम्ही दोघांनी दरवेळी आदल्या खेपेचा रंग आणलात, मी तो जुळवून दिला. दरवेळी थोडा सरकला. आबांचा कुणी आणलाच नाही. आणि मला तरी कुठे सुचलं, उलटा करून बघावा?"

"म्हणजे दादा खोटं नव्हता बोलत."

"तुम्हीही नव्हता."

मोरेश्वर स्टुलावर बसला. हसला म्हणे. मग डोळे पुसले. म्हणाला, "हाच जुळव. दोन्ही बाजूंना पुरेल एवढा. दादाच्या उशाशी नेऊन ठेवतो."

इस्माईलभाईंनी रंग मिसळला, फळीच्या तुकड्यावर एक हात मारला. "आता तुम्ही घरी जा. भाऊ आजारी आहे ना? डबा मी गाडीवाल्याकडे देतो."

"नको. जुळला की नाही ते बघून नेतो. नाहीतर दादा म्हणेल, मोरू अजून बोलघेवडाच आहे."

"ऑइलपेंट आहे. ओला वेगळा दिसतो, वाळला की वेगळा. वाळायला वेळ लागेल."

"लागू दे. परत तर तू घेणार नाहीस."

आणि तो थांबला. सकाळची दुपार झाली. फळी उन्हात ठेवली होती. मधूनमधून बोट लावून बघायचा. चिकट आहे. अजून चिकट आहे. इस्माईलभाईंनी जेवायला बोलावलं, तो म्हणाला, आज दादाकडे जेवीन. उन्हं कलली तेव्हा रंग वाळला. पोपड्याशेजारी धरला. तंतोतंत! इस्माईलभाईंनी जुळवलेल्याची किंमत सांगितली, ती त्याने घासाघीस न करता दिली. डबा मांडीवर घेऊन गाडीत बसला. कंडक्टर म्हणाला, खाली ठेवा. हा म्हणाला, राहू दे, आबांचा आहे.

गाडीतून उतरला तेव्हा घरासमोर माणसं उभी होती. कुणी बांबू तोडत होतं.

इंदू आत भिंतीला टेकून बसली होती. डब्याकडे तिने बघितलंही नाही. म्हणाली, "दुपारपर्यंत तुमचं नाव घेत होते भावोजी. मग घेईनासे झाले."

...

पेटी थांबवा जरा. हं.

तेरावा झाल्यावर मोरेश्वर वहिनीसमोर उभा राहिला. "वहिनी, आबांचा रंग सापडला आहे. आधी तुमच्या खिडक्या करतो, मग माझ्या."

इंदू म्हणाली, "माझ्या नका करू."

"अहो, पण खरा रंग हा आहे."

"असेल. पण हा यांनी स्वतः शिडीवर चढून लावलाय. चुकला असला तरी त्यांच्या हातचा आहे. तो उडेल तेव्हा उडेल. झाकायचा नाही."

मोरेश्वर डबा घेऊन पुन्हा तालुक्याला गेला. इस्माईलभाई म्हणाले, "मोरूशेट, मी सांगितलं होतं, परत नाही घेता येणार."

"परत नको घेऊस." त्याने कागद उघडला. आत दादाच्या खिडकीचा पोपडा. "हा जुळव."

"हा आबांचा नाही."

"माहीत आहे. दादाचा आहे."

"फळीवर हात मारतो. वाळेपर्यंत बसा."

"नको रे," मोरेश्वर म्हणाला. "ओलाच दे."

ज्या फिकेपणावरून त्याने भावाला चारचौघांत टोचलं होतं, तोच फिका रंग त्याने आपल्या खांबांना, कठड्याला, खिडक्यांना लावला. आता रस्त्यावरून जाणाऱ्याला घर एक दिसतं. आबांचा शब्द पाळला गेला, पण आबांच्या रंगात नाही. आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं, तो बघायला नाही.

आता मंडळी, मोरेश्वरला नावं ठेवून उठू नका. तो वाईट माणूस नव्हता हे मी मघाशीच सांगितलं. त्याला भेटायचंच होतं, फक्त पुरावा घेऊन भेटायचं होतं. तुमच्यापैकी किती जण आज त्या दुकानात बसले आहेत? बहिणीकडे जायचंय, पण आधी तिने ते एक वाक्य मागे घेऊ दे. मित्राला पत्र टाकायचंय, पण आधी चूक कुणाची ते ठरू दे. फळी उन्हात ठेवलीत, बोट लावून बघताय. अहो, देवाच्या दारी सुद्धा आपण असेच येतो. आधी चांगला होतो, मग येतो, असं म्हणत. त्याने कधी तुमचा रंग तपासायला मागितला? तो नुसता बोलावतो. मोरेश्वरचा रंग अगदी बरोबर जुळला होता, मंडळी. पण त्या बरोबरपणाला घेणारा उरला नाही.

मी फार सांगत नाही. आता गजर होईल, टाळ वाजतील, तुम्ही डोळे मिटाल. त्या वेळी देवाच्या नावाबरोबर एक साधं नाव मनात घ्या. जनार्दन शेट्ये. त्या दिवशी दुपारपर्यंत तो दाराकडे बघत होता. त्याची आठवण ठेवा.