उंदरांची पंगत

वर्षाली : पण काका, या घमेल्यात उंदरांची दोन्ही खाद्यं एकत्र कशी आली? पिवळं एका डब्यात होतं, तपकिरी दुसऱ्यात.

खुशालराव : कालवलं न मी.

वर्षाली : कशासाठी?

खुशालराव : वाढायसाठी. रोजच कालवतो मॅडम. आज तुमी लवकर आल्या म्हून दिसलं.

वर्षाली : रोज म्हणजे कधीपासून?

खुशालराव : पोळ्यापासून समजा.

वर्षाली : पोळ्याला तर प्रयोग सुरू झाला, काका.

खुशालराव : हाव. पयल्याच दिवसापासून. एकही दिवस खाडा नाई केला.

वर्षाली : मी बसते जरा. तुम्हाला नीट समजावून सांगितलं होतं मी. डावीकडच्या उंदरांचा एक जीन बदललाय. कितीही चरबी खाल्ली तरी अंगाला लागू नये, हे बघायचंय. म्हणून त्यांना ते पिवळं, तुपकट. उजवीकडचे साधे उंदीर, त्यांना तपकिरी, कोरडं.

खुशालराव : आयकलं होतं. अन तवाच पटलं नाई. एकाच खोलीत, एकमेकायच्या तोंडासमोर, डाव्या पंगतीले तूप अन उजव्या पंगतीले कोरडं?

वर्षाली : पंगत नाही ती. पिंजऱ्यांची रांग आहे.

खुशालराव : रांगेनं बसून जेवतेत त्याले आमी पंगतच म्हणतो. चांदूर बाजारच्या सप्त्यात तीस वर्सं वाढलं म्या. सरपंचाले जेवढी बुंदी तेवढीच मागून आलेल्याले. वाढप्यानं भेद केला त पाप वाढप्याले लागते, जेवणाऱ्याले नाई.

वर्षाली : वा. म्हणजे तुमचं पाप वाचलं आणि माझी पीएचडी गेली.

खुशालराव : गेली कशी? सर त खुश हायेत. काल पेढे वाटले.

वर्षाली : त्यांना वाटतं डावीकडचे तूप खाऊनही उजवीकडच्यांएवढेच राहिले, म्हणजे जीन लागू पडला. लागू काय पडतो, दोघांच्या पोटात गेलं तेच. उजवीकडचे फुगायला लागले तेव्हाच मला शंका यायला हवी होती. साध्या उंदरांना तूप देऊन तिसरी रांग लावू म्हटलं, तर सर म्हणाले, कशाला? निकाल काय येणार ते माहीतच आहे.

खुशालराव : मंग तेच आलं न. हे पाहा, सर आलेच.

(गजेंद्र सर येतात. हातात कचोऱ्यांचा पुडा.)

गजेंद्र सर : वर्षाली, स्लाइड्स झाल्या? दुपारी अमरावतीला निघायचंय. कॉन्फरन्समध्ये उद्या पहिला पेपर आपला. वर्तमानपत्रवाल्यांचाही फोन येऊन गेला. अकोल्याच्या उंदराने लठ्ठपणाला हरवलं, असं काहीतरी देणार आहेत.

वर्षाली : सर, उंदरांनी फक्त आपल्याला हरवलंय. पाच महिने दोन्ही रांगांना मिसळलेलं खाद्य मिळालं.

गजेंद्र सर : कोण म्हणतं?

खुशालराव : मी जी, सर. मीच कालवत होतो.

गजेंद्र सर : नोंदवहीत काय लिहिलंय?

खुशालराव : मी निस्ती सही करतो. आकडे त तुमीच महिन्याचे आधी भरून देता.

गजेंद्र सर : मग विषय संपला. वही म्हणते वेगळं दिलं, तर वेगळंच दिलं.

वर्षाली : उंदीर वही खात नाहीत, सर.

गजेंद्र सर : टोमणे पुरे. उद्या पेपर वाचलास तर मार्चमध्ये थीसिस, दिवाळीला डॉक्टर वर्षाली. नाही वाचलास तर पुन्हा उंदीर, पुन्हा पाच महिने, आणि फेलोशिप जूनमध्ये संपते. मग घरी बसून बारावीच्या ट्यूशन घे.

वर्षाली : मला भीती वाटते, सर. खरंच वाटते. आई रोज फोनवर विचारते, किती राहिलं. पण उद्या कोणीतरी हाच प्रयोग धड करेल आणि त्याचे उंदीर फुगतील. तेव्हा खोटी मी ठरेन. तुम्ही तोवर विभागप्रमुख असाल.

खुशालराव : सर, तुमी पेपरात लिवता तेलकट खाऊ नका, अन सकाळी दोन कचोऱ्या हानता. तेची वही कोन भरते?

गजेंद्र सर : खुशालराव, तुम्ही मध्ये पडू नका. वर्षाली, हे फोनवर काय चाललंय तुझं?

वर्षाली : आयोजकांना मेल. निकाल मागे घेतोय, कारण खाद्य चुकलं. तुमचं नाव घातलं नाही. चूक माझी, असं लिहिलं.

गजेंद्र सर : पाठवलास?

वर्षाली : आत्ताच.

गजेंद्र सर : तीन वर्षं शिकवलं तुला. हेच शिकलीस?

वर्षाली : नाही सर, हे तुमच्याकडून नाही शिकले.

खुशालराव : गेले. कचोऱ्या इथंच राह्यल्या.

वर्षाली : राहू द्या. उंदरांना मात्र घालू नका.

खुशालराव : रागावल्या काय माह्यावर?

वर्षाली : खूप. सकाळपासून तुम्हाला चार शिव्या द्याव्यात म्हणते आणि तोंडातून निघत नाहीत, त्याचा आणखी राग येतो.

खुशालराव : मंग आता?

वर्षाली : आता नवे उंदीर. या वेळी तीन रांगा. खाद्य मी वजन करून देईन, वही तुमच्यासमोर लिहीन. पण काका, भेद करावाच लागेल. एका रांगेला कोरडं, दोन रांगांना तूप. कराल?

खुशालराव : पिंजरे धुतो. भुसा बदलतो. पाणी भरतो. सुट्टीच्या दिवशीही येतो.

वर्षाली : आणि वाढायचं?

खुशालराव : तेवढं तू कर, पोरी.