बहारीनमधली ट्राउट

तुमच्या रिसॉर्टातल्या फिशिंगचं मला सांगू नका, आम्ही बहारीनमध्ये ट्राउट पकडायला गेलोय! ऐंशी-ब्याऐंशी साल असेल. ट्राउट हा थंड नद्यांतला मासा, तिथे औषधालाही नाही. पण जानेवारीतल्या एका शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, थंडी आणि पाऊस एकदमच आले आणि आमचा स्कॉटिश साहेब खुळावला.

"अगदी माझ्या गावची हवा! यल्ला, सगळे चला!"

पिसांची खोटी माशी लावलेले गळ घेऊन आम्ही चौघे ऑफिसवाले समुद्रात, गुडघाभर पाण्यात कुडकुडत उभे. आशा एकच होती. आमच्यातल्या वसईच्या बावतीसच्या बायकोने कालवणाचा मसाला वाटून दिला होता, भातही होता, फक्त मासा यायचा होता.

दुपारी साहेबाच्या गळाला हातभर लांबीचा हामूर, तिकडचा चवदार मासा, लागला. आम्ही नाचायलाच लागलो. साहेबाने त्याला थोपटलं, गळ सोडवला आणि "गो होम, माय फ्रेंड" म्हणत अलगद पाण्यात सोडून दिला!

"सर, हे काय केलंत?"

"हाच तर खेळ. पकडायचं आणि सोडायचं."

बावतीसने हामुरामागे सरळ सूर मारला. गुडघाभर पाण्यात! माणूस बुडाला असं वाटून साहेबाने घाबरून गळ फेकला, तो नेमका बावतीसच्या स्वेटरमध्ये अडकला. साहेब ओढतोय, बावतीस "गेला, खलास!" म्हणून बोंबलतोय आणि आम्ही हसून हसून पाण्यातच बसलोय.

शेवटी बावतीस काठाला लागला. साहेब गळ सोडवायला वाकला, तसा बावतीसने त्याचा हात घट्ट धरला.

"सर, मला तरी परत पाण्यात सोडू नका!"