न भाजलेला राब

नाही आबा, आधी ती काडेपेटी खिशात ठेवा, मग बोलू — मी उभीच बरी. कळतंय मला, शेण, त्यावर ऐनाचा पाला, त्यावर गवत, वर माती, असा राब रचायला आठ दिवस खपलात तुम्ही. आता भाजायचा, पाऊस आला की तिथंच भात पेरायचं — आणि अमृतची पोरगी येऊन म्हणते, भाजू नका. राग येणारच. पण अख्ख्या वाडीत न भाजलेला राब हा एकच उरलाय, तुमचा, रखमाजीआबांचा. आमच्या घरचा? अण्णांनी परवाच भाजला, मी भोरला गेले होते तेवढ्यात. म्हणून तर तुमच्याकडं आले — हाही गेला तर न भाजताही रोप येतं हे लोकांना मी दाखवू कुठं? नुसतं तोंडानं सांगून कोण ऐकतंय?

"हायवेला गाड्यांची रांग लागलीय, तिकडं जाऊन सांग" — खरंय. त्यापुढं तुमचा धूर काहीच नाही, मी कुठं नाही म्हणते? पण जो तो दुसऱ्याच्या धुराकडं बोट दाखवतो — परदेशात शिकत होते तेव्हा तिथले लोक आपल्याकडं दाखवायचे, आपण त्यांच्याकडं — आणि उन्हाळा बघा कसा झालाय. मागल्या साली दुबार पेरलंत की नाही? पाला तोडायला आता पार खिंडीपर्यंत जावं लागतं, हे तुम्हीच सांगता ना? तरी म्हणायचं काय, तर "पुढल्या साली बघू". सगळे हेच म्हणतात आबा, दिल्लीपासून वाडीपर्यंत — पुढलं साल जसं काही कणगीत भरूनच ठेवलंय.

ठकुबाई? वाटलंच मला, त्यांचं निघणार. माझं ऐकून त्यांनी राब भाजला नाही, तण माजलं, रोप पिवळं पडलं, तुमच्याकडून रोप मागून न्यावं लागलं — पण चूक पद्धतीची नव्हती. भाजलं नाही की तण येतंच, पहिल्या पंधरा दिवसांत खुरपावं लागतं, ते मी करून देणार होते, कबूल केलं होतं — आणि नेमकी तेव्हाच दिल्लीला परिषद. एसटीनं कशी जाईन दिल्लीला — विमानानं. व्हय, विमानानं, धूर कमी करा म्हणून सांगायला. हसू नका. दहा मिनिटं मिळाली, समोर मोठमोठे कारखानदार, आणि मी काय बोलले? सहकार्याबद्दल आभार. त्यांच्या चिमण्यांबद्दल चकार शब्द नाही. तिथं जीभ टाळ्याला चिकटली — आणि इथं, ज्यांनी खांद्यावर बसवून जत्रेला नेलं, त्यांच्यापुढं मी अशी ताडताड —

उठलात कुठं? आबा, काडी नका — फावडं? कोपऱ्यातला पाला काढताय? एवढाच तुकडा न भाजता ठेवणार? हा तर घोंगडीएवढाही नाही, एवढ्यात कुणाला काय पट— बरं. बरं, काढीन तण. रोज येईन. नाही, यंदा कुठंच जाणार नाही.

ठकुबाईंना? … नाही. चूक माझी होती, हे अजून सांगितलं नाही त्यांना. वर्ष झालं — त्या समजतात, त्यांच्याच हाताला यश नव्हतं.

हो. जाते. आजच जाते, पाला ओढून झाला की. सरका, वारं तिकडून आहे. पेटवा बाकीचा.