फक्त तुलाच सांगते

दातांच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेल्या मुलीशेजारी दोन मावश्या येऊन टेकल्या, आणि तिची दाढ ठणकायचीच विसरली.

"अगं, नदीकाठच्यांना पुराचं शिकवायला ती हवामानतज्ज्ञ बाई आलीये ना, तिचा आत्ता फोन आला."

"भोंग्यावरून ओरडणारी?"

"तीच. गेल्या वर्षी घसा बसला बिचारीचा, पण एक माणूस घरातून हललं नाही. यंदा भोंगा बंद. म्हणाली, मावशी, फक्त तुम्हालाच सांगते."

"काय गं?"

"तू कुणाला बोलू नकोस हं. संध्याकाळी खालच्या गल्लीत पाणी शिरणार. पाऊस आता पूर्वीसारखा राहिला नाही म्हणे. सामान माळ्यावर टाकायचं आणि शाळेचा वरचा मजला गाठायचा."

"अगंबाई! माझी नणंद तिथेच राहते की!"

"मग कळव तिला. फक्त माझं नाव नको."

समोरचे आजोबा घाईघाईने चपला शोधू लागले. कोपऱ्यातला शिंपी फोन कानाला लावूनच बाहेर धावला. मुलीचं घरही खालच्याच गल्लीत. तिने फोन काढून भिंतीकडे तोंड केलं.

"आई, कुणाला सांगू नकोस, पण आजीला घेऊन आधी शाळेत जा!"

दुसऱ्या मावशींनी रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं. "अय्या, सगळे गेले कुठे गं?"

"डॉक्टरांना घाबरले असतील."

तेवढ्यात पहिल्या मावशींचा फोन वाजला.

"हॅलो? छे हो बाई, माझ्या तोंडून चकार शब्द नाही! काय? अख्खी गल्ली शाळेकडे निघाली? कमाल आहे! त्यांना सांगितलं कोणी?"